धुऱ्याकडची पात

मी गाव सोडलं त्या दिवशी आंधळगावच्या बस थांब्यावर आमच्या गटातल्या साऱ्या बाया आल्या होत्या. गट म्हनजे आमचा रोवन्याचा गट, धानाची रोपं, पऱ्हे, लावनाऱ्या बायांचा. कोनी कामावरूनच आली, पायाचा चिखल वाळलेला. कोनी कमरेवर नातू घेऊन आली. माझ्यासंगं एक पेटी होती, एक बोचकं अन घरच्या तांदळाची चुंगडी. माझा पोरगा दिनेश ते सारं गाडीत चढवून राहिला होता. सून वर्षा खिडकीपाशी बसली होती, मी तिच्या बाजूले.

गाडी सुटाले वेळ होता. बाया खिडकीखाली जमल्या अन वर्षाले सांगाले लागल्या.

"आयक वो वर्षा, हिच्या डाव्या टोंगळ्यात पानी भरते, पाय दुमडत नाही. खाली बसवू नको, पाटावर बसव."

"वांगं देऊ नको बरं. अंगाले खाज सुटते. ती मांगंल, तू देऊ नको."

"हिचं एक पोर पोटातच गेलं. तवापासून कंबर कमजोर आहे. पान्याचा गुंड उचलू देऊ नको."

शेवंता माझ्या बरोबरीची. ती सगळ्यायच्या पुढं आली अन म्हने, "झोपेत बडबडते ही, भेऊ नको. नवऱ्याले शिव्या देते. तो मेला तरी देते."

सारी गाडी हासली. मंग कोनीतरी माझ्या पोट साफ होन्याचं काढलं, ते बी मोठ्यानं. कंडक्टर म्हने, "झालं का बाई? का डॉक्टरले बी इथूनच बसवू?"

वर्षानं पदर तोंडावर घेतला. हळूच मले म्हने, "आई, लोकं आयकून राहिले."

मी म्हटलं, "आयकू दे. आपन का कोनाचं चोरलं आहे?"

गाडी हालली तं बाया थोड्या दूर संगं चालल्या. कोनी रडली नाही. आमच्यात तसं रडत नाही. शेवंता एवढंच म्हनली, "जाय. बरी राह्य." मी बी मान हालवली. पेटीत दोन लुगडी, बुढ्याचा एक फोटू अन आधार कार्ड होतं. माझं शरीर त्या बायायनं खिडकीतून वर्षाच्या हवाली केलं होतं, बाकी न्यावासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

मी चौथी शिकली. त्याच अक्षरायनं हे लिहून राहिली, चुकलं तं सांभाळून घ्या. बायांनो, तुमच्याकडं गावात हे कोनाची तरी सून मोठ्यानं वाचून दाखवंल, हे मले माहीत आहे. म्हनून जे लिहितो ते विचार करून लिहितो. अन ज्या आपल्यासारख्या गावं सोडून नागपूरले, पुन्याले, सुरतेले गेल्या, त्यायच्या हाती लागलं तं त्यायनं बी वाचावं.

आमच्या गटाची एक रीत होती. तुम्हाले माहीत आहे, पन शहरातल्या पोट्टीयले नाही, म्हनून लिहितो. सकाळी बांदीत, म्हनजे धानाच्या वावरात, पाय टाकाच्या आधी साऱ्या बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहत. गटाची म्होरकी विचारे, "बोला बायांनो, कोनाचं काय?" मंग एकएकीनं सांगाचं. कोनाची पाळी आली, कोनाले ताप आहे, कोनाले दिवस गेले, कोनाचं अंग बाहेर येते, कोनाले सिकलसेल आहे अन सांधे धरले. जिचं दुखनं असंल तिले धुऱ्याकडची पात. पात म्हनजे एका बाईनं लावाची पट्टी. धुऱ्याकडची पात हलकी. बसावं वाटलं तं धुऱ्यावर बसता येते, पानी पेता येते. मधातली पात धडधाकट बाईची. तिथून बाहेर निंघता येत नाही, दोन्हीकडून बाया मांगं मांगं सरकत राहतात, तुले बी सरकाच लागते.

सकाळच्या त्या सांगन्यात हासनं बी होतं. एक बाई रोज म्हने, "मले नवऱ्याचं दुखनं आहे वो, त्याले कोनती पात देतेस?" तिले कोनी तरी म्हने, "त्याले वावराच्या पार पलीकडं!" असं करता करता पाय चिखलात जात अन काम सुरू होई.

मी नवी होती तेव्हा भागरथाबाई म्होरकी होती. मोठ्या हाडाची, कमी बोलनारी बाई. मले तिसरा महिना लागला होता. सासू म्हने, "तीन महिने पुरे झाल्याबिगर कोनाले सांगू नको, नजर लागते." मी सासूचं आयकलं. धुऱ्यावर माझा नंबर आला तं म्हटलं, "मले काही नाही." दोन दिवसांपासून अंगावरून लाल जाऊन राहिलं होतं, ते बी नाही सांगतलं. भागरथाबाईनं मले मधातली पात देल्ली. पऱ्ह्याच्या जुड्या वाहून आनाचं काम बी देल्लं.

दुपारच्या आधी मी चिखलात बसली ते उठलीच नाही. बायायनं मले उचलून धुऱ्यावर आनलं. तिथंच सारं झालं. पानी लाल झालं होतं का मले तसं दिसलं, आता आठवत नाही. भागरथाबाईनं आपल्या लुगड्यानं मले झाकलं. ती मले बोलली नाही, रागावली नाही. एवढंच म्हने, "मले सांगतलं असतं तं इथं बसवली असती वो कौसल्या."

ते वाक्य मी लय वर्ष वागवलं. मंग दिनेश झाला, तो जगला. भागरथाबाई गेल्यावर गटाची म्होरकी मी झाली. मी प्रत्येकीच्या तोंडाकडं पाहून विचारत होती. कोनी "काही नाही" म्हटलं तं दुसऱ्यांदा विचारत होती. माझ्या गटात कोनाचं पोर चिखलात गेलं नाही. हे मी बढाईनं नाही सांगत. मले वाटे, दुखनं सांगतलं तं बाई वाचते, नाही सांगतलं तं जाते. यात दुसरं काही असू शकते, असं कधी मनातच आलं नाही.

आमचा बुढा गेला तेव्हा माझे टोंगळे बी गेले. चिखलात पाय टाकला का निंघत नसे. दिनेश नागपूरले एका गॅरेजात काम करते. तो म्हने, "आई, घराले कुलूप लाव. वर्षा कामाले जाते, घरी तुझी नात आहे, पोट्टीजवळ कोनी पायजे." म्हनून मी आली. कोनी मले हाकललं नाही अन कोनी ओढून बी आनलं नाही. काम होतं म्हनून आली.

आता पुढची गोष्ट वर्षाची आहे. ती मी तिले विचारून लिहितो. वही दाखवली, वाचून दाखवली. ती म्हने, "लिहा. झालं ते झालं." म्हनून लिहितो.

नागपुरात आमच्या दोन खोल्या तिसऱ्या माळ्यावर आहेत. समोर लांब गॅलरी, एका रांगेत सहा घरं. पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून बाजूच्या बाईले विचारलं, "का वो बाई, तुझे पाय कायनं सुजले?" ती माझ्याकडं पाहून आत गेली अन कडी लावली. दुसरीले विचारलं, "लग्नाले किती वर्ष झाले? मंग लेकरू काहून नाही?" तिनं बी तेच केलं. दिनेश म्हने, "आई, इथं असं विचारत नाही." मी म्हटलं, "मंग काय विचारतात?" तो म्हने, "काहीच नाही विचारत. पानी आलं का, एवढंच."

वर्षा तेव्हा तीन घरी स्वयंपाक करे. तिन्ही घरं एकाच फ्लॅट स्कीममधली. सकाळी सहाले जाय, दुपारी ये, पुन्हा चारले जाय. मी आली त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिले खोकला लागला. लागला तो जाईना. अंग झिजलं, संध्याकाळी ताप ये. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला. टीबी निंघाली.

डॉक्टरनं सांगतलं, गोळ्या सहा महिने घ्याच्या, एक दिवस चुकवाचा नाही. काही दिवस घरीच राह्याचं, तोंडाले फडकं बांधाचं. साऱ्यायची तपासनी झाली. माझी, दिनेशची, पोट्टीची. आम्ही चांगले निंघालो. वर्षानं कामाच्या घरच्या बायायले फोन केला का टायफाइड झाला. महिन्याभरानं पुन्हा बेडका तपासला तं साफ होता. डॉक्टर म्हने, आता कोनाले लागत नाही, कामाले जाऊ शकतेस, पन गोळ्या सोडू नको. ती गेली.

पन त्या गोळ्या खाऊन बाई अर्धी झाली होती. सकाळी उलटी ये. लघवी नारंगी होय. हातापायात गोळे येत. तरी सहाले निंघे. जिना उतरताना कठड्याले धरून उतरे ते मी वरून पाहत होती. संध्याकाळी येऊन पिठाचा डबा उघडे अन तशीच उभी राह्य, जसं काहून उघडला ते भुलली. मी म्हनत होती, "वर्षा, त्यायले सांग का गोळ्या सुरू आहेत, हलकं काम देतील." ती म्हने, "नाही वो आई." मी दुसऱ्यांदा म्हनली. ती म्हने, "राहू द्या ना आई." सवय होती मले, दुसऱ्यांदा विचाराची. दोनदा विचारून बाई नाही म्हनली तं म्होरकीनं आपल्या अकलेनं पात द्याची, हे बी सवयीचंच होतं.

तीन घरातली एक मॅडम चांगली होती. मी एकदा वर्षाचा भुललेला मोबाइल द्याले गेली होती तं तिनं मले खुर्चीवर बसवलं, चाय देल्ला, "आजी, गाव कोनतं?" विचारलं. माझ्या टोंगळ्याचं बी विचारलं. नागपुरात येऊन माझ्या टोंगळ्याचं विचारनारी ती पहिलीच. मले वाटलं, ही आपल्यातली आहे.

एक दिवस दुपारी वर्षा येऊन झोपली होती, पोट्टी शाळेत होती. मी लुगडं बदललं अन त्या मॅडमकडं गेली. तिनं बसवलं, चाय देल्ला. मी सांगतलं.

"मॅडम, वर्षा तुम्हाले सांगनार नाही, लाजाळू आहे. तिले टीबी आहे. गोळ्या चालू आहेत. आता कोनाले लागत नाही, डॉक्टरनं म्हटलं. पन अंगात ताकद नाही. तिले दोन महिने जरा हलकं काम द्या. पोळ्या कमी करा, नाही तं बसून कराले सांगा."

मॅडम म्हने, "आजी, बरं झालं तुम्ही सांगितलंत. कधीपासून आहे हे?"

मले तिचं तोंड काळजीचं वाटलं. मी सारं सांगतलं. कोनत्या महिन्यात निंघालं, किती गोळ्या, उलटी कवा होते, लघवीचा रंग. टायफाइड नव्हता हे बी सांगतलं. एक गोष्ट नाही ठेवली. चाय संपला तं मी कप घेऊन उठली, मोरीत ठेवाले. मॅडम झटकन म्हने, "राहू द्या, राहू द्या, तिथंच राहू द्या." मले वाटलं, बुढी बाई म्हनून मान देऊन राहिली. मी कप टेबलावर ठेवला अन हलक्या पायानं घरी आली. लय दिवसांनी मले वाटत होतं का मी कोनाच्या कामी आली.

चारले वर्षा कामाले गेली अन पाचले परत आली. मी म्हटलं, "आज लवकर?" तिनं चपला काढल्या. खाटेवर बसली. मोबाइल वाजला, तिनं आयकलं, "हो मॅडम, हो मॅडम" म्हटलं अन ठेवला. थोड्या वेळानं दुसरा वाजला. तिसऱ्या घरानं तं फोन बी नाही केला, चार शब्द लिहून पाठवले. तिन्ही घरं गेली. एका स्कीममधल्या बायायचा मोबाइलवर गट असते, एकीनं टाकलं का साऱ्यायले कळते, हे मले मांगून समजलं.

वर्षानं मले विचारलं, "आई, तुमी तिथं गेल्या होत्या?"

मी म्हटलं, "हो. तुले हलकं काम भेटावं म्हनून."

मले वाटलं, ओरडंल. ओरडली असती तं बरं होतं. तिनं मोबाइल बाजूले ठेवला. मंग हळूच म्हने, "ते तुमचं होतं का आई, सांगाले?"

  साठ वर्षात हे कोनी मले विचारलंच नव्हतं, का दुखनं कोनाचं असते.

दिनेश आला, त्याले कळलं. तो तोंडाचा फटकळ आहे. म्हने, "अवो माय, हे तुझं वावर आहे का? आता आनू का एखादी बांदी, धुऱ्यावर बसव तिले!" वर्षा म्हने, "बस करा. त्यायले काही बोलू नका." माझ्या बाजूनं बोलली ती. ते मले जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तं फळीवरचं गोळ्यायचं पाकीट नव्हतं. आधी ते तेलाच्या डब्याजवळ राह्य, मी पानी घेऊन देत होती. आता ते तिच्या पेटीत गेलं, पेटीले कुलूप लागलं. ती गोळी कवा घे, मले दिसलं नाही. उलटी येई तं नळ सोडून दे, मले आयकू येऊ नये म्हनून. मी विचारलं, "बरं आहे का?" ती म्हने, "बरं आहे." दुसऱ्यांदा विचाराची माझी हिंमत नाही झाली.

मी एकदा पुन्हा त्या मॅडमकडं गेली. माझ्या हिशेबानं गोळ्या संपत आल्या होत्या, म्हटलं सांगावं. फाटकावरच्या चौकीदारानं मले थांबवलं. वहीत नाव लिहाले लावलं. वर फोन केला. मंग म्हने, "आजी, मॅडम म्हनून राहिल्या सध्या गरज नाही." मी तिथं थोडी उभी राहिली. तोंडातून निंघालेलं परत घेता येत नाही, तं मंग पुन्हा काय सांगाले आली होती मी, मलेच समजेना. घरी आली. कोनाले सांगतलं नाही.

तेव्हा मले एक गोष्ट समजली, ती तुम्हाले सांगतो. आपन गटानं काम घेत होतो. वावरवाला विचारे, वावर कवा पुरं होते. कोनती बाई आजारी, कोनती धडधाकट, त्याले काही घेनंदेनं नव्हतं. एकीनं कमी लावलं तं दोघी तिघी मिळून तिची पात भरून काढत. म्हनून आपलं दुखनं आपल्याले सांगता येत होतं. इथं वर्षा एकटीच दारात उभी आहे. तिच्या बाजूले कोनी नाही जी तिची पात भरून काढंल. एकटीचं दुखनं मालकाले सांगतलं का तो दुसरी बाई पाहते. मी भागरथाबाईचं आयकलं, बरोबर आयकलं, पन ते वावर इथं नव्हतं. एवढं समजाले वर्षाची तीन घरं गेली.

तिच्या गोळ्या पुऱ्या झाल्या ते मले दिनेशकडून कळलं. कोनत्या दिवशी झाल्या ते बी नाही माहीत. मी असती गावात तं त्या दिवशी गूळ वाटला असता. वर्षानं दूरचं काम धरलं. एका शाळेच्या मेसमध्ये, दोन गाड्या बदलून जा लागते. तिथं तिनं काय सांगतलं, काय नाही, मी विचारलं नाही.

घर चाललं होतं. जेवन होत होतं, पोट्टीचा अभ्यास होत होता. वर्षा माझ्याशी वाकडं वागली नाही. वेळेवर चाय दे, टोंगळ्याले तेल आनून दे. पन चार मानसांच्या घरात कोनाचं काय दुखते हे मले माहीत नव्हतं, अन हळूहळू मी बी सांगनं सोडलं. मले उजव्या डोळ्यानं धुकट दिसे. नाही सांगतलं. एकदा मोरीत चक्कर आली, भिंतीले धरून उभी राहिली, मंग येऊन खाटेवर बसली. वर्षानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आयुष्यात दुसऱ्यांदा मी तसं म्हटलं. शेवंताचा फोन आला का मी म्हनत होती, सारं मस्त आहे. गावात बसून तुमी म्हनत असाल, कौसल्या नागपुरात मजेत आहे.

असं सालभराच्या वर गेलं.

यंदा हिवाळ्यात आरोग्यवाली एक पोट्टी आली. हातात मोबाइल, खांद्याले थैली. घरोघरी विचारून राहिली होती का कोनाले शुगर, कोनाले बीपी, कोनाले टीबी झाली होती का. गॅलरीतच उभी राहून विचारे. सहाही घरायच्या दारात बाया उभ्या होत्या. आमच्या दारात आली तेव्हा मी एकटीच होती.

माझं विचारलं. मी सांगतलं. शुगर थोडी आहे, टोंगळे गेले, एक पोर पोटात गेलं, उजव्या डोळ्यानं दिसत नाही, चक्कर येते. सारं मोठ्यानंच सांगतलं. ती बिचारी टाइप करता करता दमली. म्हने, "आजी, हळू हळू." बाजूची बाई हासली.

मंग म्हने, "आता घरच्यांचं सांगा. मुलगा? सून?"

मी म्हटलं, "ते कामाले गेले. संध्याकाळी येतात."

"तुम्हाला माहीत असेलच ना. तुम्हीच सांगा, मी टाकून देते. टीबी वगैरे झाली होती का कोणाला?"

सहा दारं उघडी होती. ती पोट्टी वाईट नव्हती, तिचं कामच ते. तिच्या मोबाइलात गेलं तं एखाद्याले औषध बी भेटत असंल. मले माहीत होतं, अन तोंडावर बी आलं होतं. माझं तोंड तसंच बनलं आहे, विचारलं का उघडते. मी दाराचं लाकूड धरून उभी राहिली.

"सुनेचं तिलेच विचारा," मी म्हटलं. "सहाले येते."

"अहो आजी, म्हणजे मी पुन्हा तीन माळे चढू?"

"चढ बापा. मी चाय ठेवतो."

"पण तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. पन ते माझं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं, कपाळाले आठी आनली अन पुढच्या दारात गेली. मले वाटलं, येत नाही आता. पन सहाले आली, धापा टाकत. वर्षा तेवढ्यात पोहोचली होती. मी वर्षाले एवढंच म्हटलं, "ही तुले काही विचाराले आली. मी काही सांगतलं नाही." वर्षानं तिले आत नेलं अन दार लावून घेतलं. मी गॅलरीत बसली. चाय मीच करनार होती, पन आत गेली नाही. आतून आवाज येत होता, शब्द समजत नव्हते. मी समजून घ्याचा प्रयत्न बी नाही केला. कपडे वाळत होते ते काढले, घड्या घातल्या.

त्या पोट्टीनं जाता जाता मले म्हटलं, "आजी, लय पक्क्या आहात हो तुम्ही." तिच्या तोंडी "लय" आयकून मले हासू आलं. वर्षा दारात उभी होती. तिनं ते आयकलं.

  दोनचार दिवस गेले. आयतवारी दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. दिनेश गॅरेजात, पोट्टी खाली खेळाले गेलेली. वर्षाचा हात सुपात थांबला. मी पाहिलं नाही, माझा हात चालूच ठेवला. ती म्हने, "आई, एक सांगू?"

मी म्हटलं, "सांग."

अन तिनं सांगतलं. आपल्या अंगाचं सांगतलं. दिनेशले बी अजून सांगतलं नव्हतं. डॉक्टर काय म्हने, तिले काय वाटते, काय भेव आहे, सारं सांगतलं. सांगून झाल्यावर "कोनाले सांगू नका" असं ती म्हनली नाही. ते तिनं म्हटलंच नाही. अन मी बी म्हटलं नाही का नाही सांगत. मी विचारलं, "दवाखान्यात मी येऊ का संगं?" ती म्हने, "या." दोघी तांदूळ निवडत राहिलो. मंग मी माझ्या डोळ्याचं सांगतलं, चक्करचं बी सांगतलं. ती रागावली, "एवढे दिवस काहून नाही सांगतलं?" ते रागावनं मले बरं वाटलं.

शेवंता, वर्षानं काय सांगतलं ते तू विचारशील. फोन करशील, गोल गोल फिरवून विचारशील, मी तुले ओळखतो. माझ्या टोंगळ्याचं विचार, डोळ्याचं विचार, शुगर किती निंघाली ते विचार, घंटाभर सांगतो. हे नाही सांगत. या वहीत बी नाही लिहिलं.

इथल्या बाया आता कधीकधी विचारतात, "आजी, घर कोनतं तुमचं?" आधी मी गावाचं नाव सांगत होती. तिथं मले चाळीस बायायच्या अंगाचं सारं माहीत होतं, म्हनून ते घर होतं. आता मी म्हनतो, हेच, तिसऱ्या माळ्यावरचं. इथं मले एकीचंच माहीत आहे, अन ते तिनं मले स्वतःहून सांगतलं आहे.